नर्सिंग करता करता चित्रं काढणारे (किंवा लिहिणारे, गाणारे) इथे कुणी आहेत का?

नाइटवाली :

मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही, पण बरीच वर्षं काढते आहे. बहुतेक वेळा हातच काढते. सलाइन लावलेले, बोटाला पल्स ऑक्सिमीटरचा चिमटा अडकवलेले, सुजलेले, सूज उतरल्यावर सुरकुतलेले. चेहरे काढत नाही. का, ते कुणी विचारलं तर सांगेन.

धागा काढायचं कारण असं, की हल्ली दोन्हीकडून बोलणी खाते आहे. चित्रांच्या वर्गातले म्हणतात, "हातात एवढी कला असताना बेडपॅन कसली देत बसलीयेस?" वॉर्डातल्या मैत्रिणी म्हणतात, "नाइट करून घरी गेल्यावर माणसानं झोपावं, हे काय खूळ?" दोन्हीकडचं गृहीत एकच, नोकरी पोटासाठी आणि चित्र मनासाठी. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते धड मांडताही येत नाही.

एक मात्र ध्यानात आलं. मध्यंतरी मोठी रजा मिळाली होती. म्हटलं, आता फक्त चित्रं. कागद आणले, रंग आणले, रोज बसले. जे झालं ते सगळं नुसतं सुबक. परत ड्युटीवर आल्यावर एका आजोबांच्या मनगटावर सुईचा जुना डाग बघितला, मध्ये जांभळा, कडेला हिरवट, त्याबाहेर पिवळा, आणि सकाळी घरी जाऊन जी बसले ती उठलेच नाही.

म्हणजे मला चित्रासाठी काम लागतं? तसं असेल तर ते जरा आपमतलबी नाही का? की कामासाठी चित्र लागतं? अनुभव लिहा. "सेवा हाच धर्म" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, तसे फलक आमच्याकडे भिंतीवर पुष्कळ आहेत.

पेन_कुठंय :

शेवटच्या वाक्याला हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आमच्याकडे तो फलक नेमका औषधांच्या कपाटावर आहे, आणि कपाटाची किल्ली कायम हरवलेली.

मी कविता करते. म्हणजे करायचे. सध्या वाचतेय.

संशयात्मा :

जरा कडू लिहितो, राग मानू नका. मीही याच पेशात आहे, ब्रदर म्हणून.

दमलेल्या नर्सला कुणी कुंचला हातात देऊ लागलं की माझे कान टवकारतात. आमच्याकडे रात्रपाळीला माणसं कमी पडत होती. मागणी करून करून तोंड दुखलं. माणसं आली नाहीत, 'तणावमुक्तीसाठी रंगवा' अशी कार्यशाळा आली. तीही ड्युटी सुटल्यावर, आपल्या वेळात.

क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये कामानं पिचून जाणं मोजणारी जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मोजल्या जातात. एक, आतून संपून गेल्यासारखं वाटणं. दोन, समोरचा माणूस माणूस न वाटणं. तीन, आपल्या हातून काही घडतंय असं न वाटणं. यातल्या पहिलीवर चित्र चालत नाही, तिथं माणसंच लागतात. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स हवी हे सगळ्यांना पाठ आहे, प्रत्यक्षात काय असतं ते आपण इथे न बोललेलंच बरं. दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीला चित्राचा उपयोग होत असेल तर तुम्ही सांगा. मला माहीत नाही.

नाइटवाली :

संशयात्मा, राग कसला. कार्यशाळेचा किस्सा तर आमच्याकडचाच वाटला. पण तुमच्या यादीतल्या दुसऱ्या गोष्टीला उपयोग होतो, हे मी छातीठोकपणे सांगते.

पाळी बदलताना हँडओव्हर देतो तेव्हा आपण पेशंटला 'सात नंबर' म्हणतो. म्हणावंच लागतं, त्यात वाईट काही नाही. पण ज्याचा हात काढावा असं मनात येतं तो सात नंबर राहत नाही. बोटावर अंगठीचा पांढरा वळ दिसतो. मधल्या बोटाच्या पेराशी घट्टा दिसतो, म्हणजे हा माणूस पेन दाबून लिहिणारा. एका बाईंच्या तर्जनीवर टोचल्याच्या बारीक खुणाच खुणा होत्या. मला वाटलं शुगर तपासल्याच्या. नंतर मुलीनं सांगितलं, आई शिवणकाम करते. त्यानंतर मी त्यांना कुशीवर वळवताना शिवणाबद्दलच बोलायचे. शुद्ध नव्हती त्यांना. तरी बोलायचे.

हे चित्र काढायची सवय नसती तर मला दिसलं असतं का? निदान इतकं तरी दिसलं नसतं.

शिकवणारी_सिस्टर :

नाइटवाली, तुम्हाला जे मांडता येत नाहीये ते एका बाईंनी फार पूर्वी मांडून ठेवलंय. बार्बरा कार्पर. १९७८ साली त्यांनी एका लेखात लिहिलं, की नर्सला जे कळतं ते चार वाटांनी कळतं : शास्त्रातून, नीतीतून, स्वतःला ओळखण्यातून आणि कलेतून. चौथी वाट म्हणजे चित्र-गाणं नव्हे. समोरचा हा एक माणूस, आत्ता या क्षणी, काय सोसतोय ते एका नजरेत पकडणं आणि त्याप्रमाणे हात चालणं, ते त्यांना कलेच्या खात्यातलं वाटलं.

मी आयुष्यभर विद्यार्थिनींना पेशंट कुशीवर वळवायला शिकवलं. दर दोन तासांनी, चादर ताणलेली, पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये उशी. सगळ्यांना येतं. परीक्षेत सगळ्या पास. आणि मग एखादी असते, जी सगळं झाल्यावर पेशंटच्या डोक्याखाली हात घालून बघते की कान दुमडून तर राहिला नाही. लघवीची नळी मांडीखाली दाबली गेलेली काढते. टाच गादीवरून जराशी उचलून ठेवते. मग दोन पावलं मागे येऊन पायथ्याशी उभी राहते आणि पुन्हा एकदा सगळा माणूस बघते. त्या दोन पावलांचे गुण परीक्षेत नाहीत. चित्रकारही असाच मागे सरकून बघतो ना?

तेव्हा 'चित्रासाठी काम की कामासाठी चित्र' यात मी तरी पडणार नाही. बघणं एकच आहे, एकदा ते कागदावर जातं आणि एकदा पेशंटच्या टाचेखाली.

जाता जाता : नाइटिंगेलबाईंना आपण दिव्यावरून ओळखतो, पण त्यांनी १८५८ साली युद्धातल्या मृत्यूंची जी आकृती काढली ती बघा. गोलातल्या पाकळ्या, निळा, लाल, काळा असे रंग. टाळता येण्यासारख्या आजारांनी गेलेल्यांचा निळा रंग जखमांनी गेलेल्यांच्या लालाला गिळून टाकतो. आकड्यांचे तक्ते वाचायला ज्यांना वेळ नव्हता त्यांच्यासाठी काढलेलं ते चित्रच आहे. पुढच्याच वर्षी नर्सिंगवरच्या पुस्तकात त्यांनी लिहिलं, की रंग, फुलं, नजरेला काही वेगळं दिसणं हे आजाऱ्याच्या शरीरावरही परिणाम करतं.

हिरवा_पडदा :

ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटी) टेक्निशियन, फावल्या वेळात जलरंग. त्या मनगटावरच्या डागाबद्दल वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

तो हिरवा आणि पिवळा खरे वेगवेगळे पदार्थ आहेत. साकळलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन शरीर फोडतं, त्यातून आधी बिलिव्हर्डिन होतं, ते हिरवं. त्याचं पुढे बिलिरुबिन होतं, ते पिवळं. म्हणजे डाग कडेकडेनं बरा होत आत येतो, आणि तुम्ही रंगवलीत ती त्याची तारीखवार नोंद!

शिवाय ओटीतले कपडे हिरवे-निळे का, हे चित्र काढणाऱ्याला सांगायला नकोच. लाल बघून बघून नजर पांढऱ्यावर गेली की तिथं हिरवट भूत नाचतं. कापडच हिरवं असलं की भूत त्यातच विरून जातं. आमच्या ट्रेमधले कॅन्युलाही (शिरेत घालायच्या सलाइनच्या नळ्या) रंगांवर ओळखले जातात, १८ नंबर हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा. रंगपेटीच आहे. फक्त या पेटीतला पिवळा निघाला की समजायचं, शीर अगदी बारीक, बहुधा लहान मूल.

रेषाळू :

मी दुसऱ्या बाजूची. नर्सिंग सोडलं. पूर्ण सोडलं आणि पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगते, कारण अशा धाग्यांवर सोडणाऱ्यांना जरा परकं वाटतं. पाठ गेली होती, झोप गेली होती. वर संशयात्मांनी लिहिलेली पहिली गोष्ट माझी झाली होती. त्यावर राजीनामा हाच इलाज होता.

आता पेशंटना घरी न्यायला द्यायच्या माहितीपत्रकांची चित्रं काढते. जखम कशी धुवायची, इन्शुलिन कुठे टोचायचं, स्टोमाची (शौच बाहेर येण्यासाठी पोटावर केलेल्या तोंडाची) पिशवी कशी बदलायची. त्यातला एक अनुभव. स्टोमाची पिशवी बदलण्याचं जुनं चित्र माझ्यासमोर आलं. सुरेख होतं. पण पोट समोरून काढलेलं, जसं डॉक्टरला दिसतं तसं. पेशंटला स्वतःचं पोट तसं कधी दिसतच नाही! तो वरून, मान खाली घालून बघतो. त्यात पोट पुढे आलेलं असेल तर स्टोमाची खालची कड त्याला दिसतच नाही, म्हणून तो आरसा धरतो. मी ते सगळं चित्र वरून बघितल्यासारखं पुन्हा काढलं, एका चौकटीत आरसाही काढला. पिशवी धरताना डावा अंगठा कातडी खाली दाबतो आणि उजवा हात चिकटपट्टी सोडवतो, हे मला कुठल्या पुस्तकात बघावं लागलं नाही.

नाइटवाली, तुम्ही आपमतलबी वगैरे नाही. पण 'एक सोडलं तर दुसरं मरतं' हा नियमही करू नका. माझं मेलं नाही, त्यानं घर बदललं.

नाइटवाली :

रेषाळू, तो आरसा वाचून खुर्चीतून उठले मी. असं काम असतं हेच माहीत नव्हतं. आणि हो, नियम नाही करत.

कुंचला :

मी कलोपचार करते, म्हणून एक फरक स्पष्ट करावासा वाटतो. नर्सनं स्वतःसाठी चित्र काढणं वेगळं आणि चित्राच्या आधारानं प्रशिक्षित माणसानं उपचार करणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला 'आर्ट थेरपी' हे इंग्रजीतलं आजचं नाव मिळालं १९४२ मध्ये, एड्रियन हिल या चित्रकारामुळे. क्षयरोगासाठी आरोग्यधामात पडून असताना तो अंथरुणातच चित्रं काढायचा, आणि मग शेजारच्या पेशंटना शिकवू लागला.

स्वतःसाठी काढण्याबद्दल २०१६ चा एक छोटा अभ्यास आहे, गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांचा. ३९ प्रौढ, ४५ मिनिटं काहीही करायचं, माती, कोलाज, रंग. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं. आधी कधी चित्र काढलंय की नाही यानं फार फरक पडला नाही.

संशयात्मा :

३९ जण, आणि तुलनेला दुसरा गट नाही. ४५ मिनिटं मला कुणी नुसतं बसू दिलं तरी माझं कॉर्टिसॉल उतरेल.

कुंचला :

मान्य. म्हणूनच 'छोटा' म्हटलं. पण ४५ मिनिटं नुसतं बसायला दिलं तर तुम्ही मोबाइल बघाल, पैज लावते.

संशयात्मा :

हरलो.

परत_आलेला :

मी नर्स नाही, कलाकार नाही. मी पेशंट होतो. बरेच दिवस व्हेंटिलेटरवर, झोपेच्या औषधाखाली. लिहू का नको असं चाललं होतं, पण नाइटवालींनी बेशुद्ध बाईंशी शिवणाबद्दल बोलायचं लिहिलं म्हणून लिहितो.

शुद्धीवर आल्यावर माझ्याकडे त्या दिवसांच्या आठवणी होत्या, पण खोट्या. मला जहाजात डांबलंय, हात बांधलेत, पांढऱ्या कपड्यांतली माणसं माझ्या घशात काहीतरी कोंबताहेत. घरी आल्यावरही रात्री तेच. कुणाला सांगायची लाज वाटायची. त्या युनिटमध्ये पेशंटची डायरी ठेवायची पद्धत होती, नर्सेस लिहायच्या, घरचेही लिहायचे. घरी जाताना ती दिली होती. बऱ्याच उशिरा उघडली. त्यात एके ठिकाणी होतं, "आज तुम्ही घशातली नळी ओढत होता म्हणून थोडा वेळ हात सैलसर बांधावे लागले. तुम्हाला आवडलं नाही, आम्हालाही नाही. संध्याकाळी सोडले. खिडकीबाहेर जोराचा पाऊस होता, आवाज तुमच्यापर्यंत पोचला असावा."

जहाज कुठून आलं ते तिथं कळलं. लिहिणाऱ्या सिस्टरनं ते साहित्य म्हणून लिहिलं नसणार. मी मात्र ते पान जितक्या वेळा वाचलंय तितकं दुसरं काही वाचलेलं नाही.

शिकवणारी_सिस्टर :

लिहिलंत ते फार बरं केलंत. या डायऱ्यांची पद्धत स्कँडिनेव्हियातल्या नर्सेसनी १९८० च्या दशकात सुरू केली, कुणी वरून हुकूम दिला नव्हता. २०१० मध्ये युरोपातल्या सहा देशांत ३५२ पेशंटवर अभ्यास झाला. डायरी मिळालेल्यांत आघातोत्तर तणावाच्या नव्या केसेस सुमारे ५ टक्के, न मिळालेल्यांत १३ टक्के.

संशयात्मा :

सिस्टर, पूर्ण चित्र मांडू. २०१९ मध्ये फ्रान्सच्या ३५ आयसीयूंमध्ये याहून मोठा अभ्यास झाला, त्यात दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

तरीही परत_आलेला यांचं पान वाचून मी गप्प आहे. सरासरीत फरक दिसला नाही म्हणून या माणसाचं जहाज खोटं ठरत नाही.

पेन_कुठंय :

संशयात्मा गप्प आहेत असं लिहून चार ओळी लिहितात, हे मला फार आवडतं.

शिकवणारी_सिस्टर :

आता नाइटवालींना जरा टोचते. तुम्ही ज्यांचे हात काढता त्यांची परवानगी? बेशुद्ध माणूस हो म्हणू शकत नाही, आणि नातेवाइकांनी त्या अवस्थेत दिलेला होकार कितपत होकार असतो? पहिल्या महायुद्धात चेहऱ्यावर जखमा झालेल्या सैनिकांची पेस्टल चित्रं हेन्री टाँक्सनं काढली. तो आधी सर्जन होता, मग चित्रकलेचा शिक्षक. त्या सैनिकांचे चेहरे दुरुस्त करणाऱ्या हॅरॉल्ड गिलीज या सर्जनच्या शस्त्रक्रियांची नोंद म्हणून ती चित्रं हवी होती. ती प्रदर्शनात मिरवावी असं त्याला स्वतःलाच वाटत नव्हतं. आज ती सगळे बघतात. बघावीत की नाही, यावर माझं मत अजून ठरत नाही.

नाइटवाली :

टोचणं रास्त आहे, आणि चेहरे न काढण्याचं कारण हेच. बेडपाशी मी कधीच काढत नाही. एक तर तिथं हात रिकामे नसतात, दुसरं म्हणजे आयसीयूतून घरी कागद न्यायचा नाही हा संसर्गाचा साधा नियम. घरी आठवणीतून काढते. गोंदण असेल, वेगळा व्रण असेल, ते गाळते किंवा दुसऱ्याच हातावर घालते. एकाची बोटं आणि दुसऱ्याचं मनगट असंही होतं. शिवणकामवाल्या बाईंचा हात मात्र तसाच्या तसा काढला आहे, तो कुणाला दाखवलेला नाही. त्यांच्या मुलीला विचारावं असं मनात येतं आणि राहतं.

शिकवणारी_सिस्टर :

मुलीला विचारू नका. त्या बाई बऱ्या झाल्या असतील तर त्यांना विचारा.

नाइटवाली :

नाही झाल्या.

कुंचला :

तर मग ठेवा तो तुमच्याकडेच. सगळंच दाखवायला नसतं काढायचं.

हातांवरून आठवलं. बार्बरा हेपवर्थ ही शिल्पकार. तिची मुलगी आजारी पडली, तिथं एका सर्जनशी ओळख झाली, त्यानं तिला ऑपरेशन बघायला बोलावलं. १९४७ पासून दोनेक वर्षं तिनं ऑपरेशन थिएटरमधली चित्रं काढली. पेशंट जवळजवळ दिसतच नाही त्यात. मास्कवरचे डोळे आणि हात, एवढंच. ती तुमची थोरली बहीण शोभेल. बघाच.

परत_आलेला :

एक विचारू? तुम्ही हात काढता, त्यातला एखादा पेशंट शुद्धीवर येऊन ते बघू शकला असता तर? मला माझ्या हातांचं चित्र मिळालं असतं तर मी घेतलं असतं. वजन इतकं उतरलं होतं की ते माझे वाटत नव्हते. मधला काळ कसा होता ते मला कुणी दाखवूच शकलं नाही.

नाइटवाली :

हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. माझ्यासाठी काढत होते मी.

आमच्याकडे डायरीची पद्धत नाही. इन-चार्जना विचारते. पेशंट शुद्धीवर येऊन हो म्हणाला तर डायरीत चित्र, नाहीतर नुसतं लिखाण. शिकवणारी_सिस्टर, अशा डायरीत काय लिहायचं नाही याची काही शिस्त असेल ना?

शिकवणारी_सिस्टर :

आहे. निदान, रिपोर्टचे आकडे, औषधांची नावं लिहायची नाहीत, ते केस पेपरात. डायरीत साधी भाषा, पेशंटला उद्देशून 'तुम्ही'. शेजारच्या बेडबद्दल एक अक्षर नाही. आणि ती डायरी पेशंटची, वॉर्डाची नव्हे, हे पहिल्या पानावर लिहून ठेवा. ती कधी उघडायची किंवा उघडायचीच नाही, तेही तोच ठरवेल. पेशंट गेला तर काय करायचं, हे सुरू करायच्या आधीच ठरवा, नंतर ठरवायला जमत नाही.

संशयात्मा :

आणि लिहायचं कधी ते इन-चार्जकडून लेखी घ्या. ड्युटीच्या वेळात, चार्टिंगसारखं, कामात धरून. नाहीतर सहा महिन्यांनी तीसुद्धा 'ड्युटी सुटल्यावर' होईल आणि मी इथं परत कडू लिहायला येईन.

नाइटवाली :

लेखीच घेते. सोमवारी मीटिंग आहे, काय म्हणतात ते इथे टाकते. रेषाळू, तुमचं ते वरून बघितलेलं चित्र दाखवायला नेऊ शकते का? त्यांना 'पेशंटला दिसतं तसं' हे माझ्या बोलण्यातून कळणार नाही.

रेषाळू :

जरूर न्या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. आरशाची चौकट पण पाठवते.